लेखक: फान यून-चौकोन

आमच्या आळीच्या तोंडाशी विजेचे दोन खांब आहेत. त्यांचा विजेशी असलेला संबंध गौण आहे. त्यांचे खरे कार्य लाल कापड ताणून धरणे हे होय. कुणाचा मुलगा सरकारी परीक्षेत उत्तीर्ण झाला, कुणाची सून भूलतज्ज्ञ झाली, देवळाच्या ढोलपथकाला बक्षीस मिळाले, की त्या खांबांच्या मध्ये सोनेरी अक्षरांचे लाल कापड झळकते आणि वारा त्याच्या चिंध्या करीपर्यंत तिथेच राहते. बाजारात जायचे तर त्याच्याखालून जावे लागते. दुसरा रस्ता नाही. मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा खांब होते, कापड नव्हते. ही तक्रार नव्हे. इतिहासाचा अभ्यासक या नात्याने मी केवळ नोंद करतो आहे.

गेल्या वसंतात त्या कापडावर आमचे वॉर्डप्रमुख लू झळकले. ‘वॉर्डप्रमुख लू यांना मास्टर पदवी प्राप्त झाल्याबद्दल समस्त आळीतर्फे अभिनंदन.’ समस्त आळीत मीही मोडतो. मला कोणी विचारले नव्हते. लू यांचे नळ आणि पाइपांचे दुकान आहे. माणूस वाईट नाही. निवडणुकीच्या आधीचे दोन महिने तर फारच चांगला असतो. नोकरीधंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारी जे वर्ग चालतात, त्यांत ते जात असत, हे मला ठाऊक होते. ते तिथे लिहीतही असतील अशी शंका मात्र मला कधी आली नव्हती.

“सर, बघितलंत का?” आमच्या इमारतीखाली पेरू विकणारी आ-मान मावशी म्हणाली. “लूसाहेब आता तुमच्याएवढे शिकले.”

“मावशी, मास्टर आणि डॉक्टरेट यांत फरक असतो.”

“असेल हो. कापडावर कुठे दिसतो?”

मी पेरू न घेता वर आलो आणि राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संगणकीय दालनातून वॉर्डप्रमुखांचा प्रबंध उतरवून घेतला. शीर्षक वाचले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचले. विषय होता आमच्या चियायी परिसरातील कालव्यांची पाणीपाळी.

पाणीपाळी हा माझा विषय आहे. ‘माझा’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. कोणत्या गावाने कोणत्या वर्षी भात लावायचा, कुणी ऊस, कुणी रताळी. कालव्याची दारे कुणी उघडायची आणि ती चोरून उघडणाऱ्याला गावाने काय शिक्षा द्यायची, यावर मी उमेदीची सगळी वर्षे खर्च केली आणि एक ग्रंथ सिद्ध केला. तो जाड आहे. त्यातल्या तळटीपांना स्वतःच्या तळटीपा आहेत. माझ्याच वसतिगृहात, माझ्याच खोलीत राहणारे आणि माझ्या टिपणांवर चहाचा पेला ठेवणारे श्वे यांनी त्याच विषयावर रंगीत छायाचित्रांचे एक सडपातळ पुस्तक काढले. ते आज पूर्ण प्राध्यापक आहेत आणि दुष्काळ पडला की दूरदर्शनवर दिसतात. मी सहयोगी प्राध्यापक आहे. कुणाचा सहयोगी, हे विद्यापीठाने अद्याप स्पष्ट केलेले नाही.

लू यांची संदर्भसूची मी उघडली. श्वे, श्वे, एक जपानी अभियंता, पुन्हा श्वे. फान कुठेच नाही. मी खालून वर पाहिले. फान वर जातानाही नव्हता.

येथे माझ्या नावाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. आमच्याकडे नाव नुसते उच्चारून भागत नाही. त्याचे अक्षर कसे लिहायचे तेही सांगावे लागते. फान सोपे, यून सोपे. तिसरे अक्षर यिंग, आणि तिथे घात आहे. आजोबा शाळामास्तर होते. नातवाचे नाव गल्लीत दुसऱ्या कुणाचे असू नये म्हणून त्यांनी एका प्राचीन कोशातून असे अक्षर शोधले, की ते जगात कुणाचेच निघाले नाही. डाव्या बाजूला रत्न, उजवीकडे वर शेत, खाली पाणी. कोशात अर्थ दिला आहे: ‘एका माणसाचे नाव.’ माणूस कोण, ते दिलेले नाही. हे अक्षर संगणकात नसते. ग्रंथालयाच्या सूचीत, नियतकालिकांत, माझ्याच विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्याच्या जागी एक पोकळ चौकोन उमटतो. फान यून-चौकोन. चौकोनाचा शोध घेता येत नाही. ज्ञानाच्या या युगात मी अशा रीतीने अस्तित्वात असूनही सापडत नाही.

परंतु प्रबंधावर माझा आक्षेप नैतिक होता. मधल्या एका प्रकरणात पुढील वाक्य जसेच्या तसे छापलेले होते: ‘पाहणीअंती (येथे गावाचे नाव घालावे) येथील शेतकरी समाधानी असल्याचे दिसून आले.’

तयार माल! मापाचा सदरासुद्धा नव्हे. दुकानात टांगलेला, आणि किमतीची चिठ्ठी काढायची राहून गेलेला.

माझी पत्नी पेई-लान निवृत्त मुख्य परिचारिका आहे. तिने माझा चेहरा पाहून आधी रक्तदाबाचे यंत्र आणले आणि मग विचारले, “अहो, त्यांनी प्रबंध विकत घेतला याचा राग आलाय, की त्यात तुम्ही नाही याचा?”

“हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्वाचा असता तर आकडा एवढा वर गेला नसता.”

आमच्या पदवीविषयक कायद्यात याची तरतूद आहे. प्रबंध लिहून देण्याची जाहिरात करणाऱ्याला दंड, प्रत्यक्ष लिहून देणाऱ्याला दंड. मी तो कायदा वाचला, तृप्त झालो आणि लू यांच्या विद्यापीठाला फोन लावला.

“टायपिंगची चूक असेल, सर,” तिथल्या बाई म्हणाल्या. “आणि विकणाऱ्याचं म्हणाल तर ते आमच्याकडे येत नाही. राजधानीत करा फोन.”

राजधानीतल्या शिक्षण खात्याच्या कार्यालयात एक तरुण, सौजन्यशील आवाज होता. “जाहिरात आहे का, सर?”

“प्रबंध आहे.”

“प्रबंधाला दंड नाही. जाहिरात करणारा किंवा लिहून देणारा. यांतलं कोण आहे तुमच्याकडे?”

“माझ्याकडे विकत घेणारा आहे.”

“तो विद्यापीठाकडे.”

“विद्यापीठ म्हणतं, तुमच्याकडे.”

“बरोबरच म्हणतंय. पण आधी विकणारा मिळायला हवा ना. तो मिळाला की करा फोन. नाव काय आपलं?”

मी सांगू लागलो. रत्न, शेत, पाणी. “सर, दुसरा फोन वाजतोय,” तो म्हणाला.

पुरावा मला आ-मान मावशीने मिळवून दिला. “जाहिरात होय? त्या खांबावरच आहे की. लूसाहेबांच्या कापडाच्या खाली.” आणि होती. पियानोची शिकवणी आणि हरवलेला पोपट यांच्या मधोमध: ‘प्रबंधाची चिंता? प्रज्ञासागर मार्गदर्शन केंद्र. तयार प्रकरणे उपलब्ध.’ मी फोन काढून त्या चिठ्ठीचा फोटो घेऊ लागलो, तेव्हा मावशीने मोठ्याने विचारले, “काय शोधताय तरी काय, सर?” आमच्याकडे दुसऱ्यासाठी लिहिणाऱ्याला ‘बंदूकवाला’ म्हणतात. मी अनवधानाने खरे तेच सांगितले: “बंदूकवाला.” संध्याकाळपर्यंत आळीत बातमी पसरली की फान सर वॉर्डप्रमुखांसाठी बंदूकवाला शोधत आहेत. पुढचा आठवडाभर वॉर्डाच्या गस्तीची स्कूटर आमच्या खिडकीखाली येऊन विनाकारण खोकत असे.

नुसती चिठ्ठी पुरणार नाही, हे मी जाणले होते. विक्रीचा व्यवहार रंगेहाथ पकडायला हवा. मी ग्राहक झालो आणि केंद्राला फोनवरून संदेश पाठवला. ‘छोटी वेन’ नावाच्या मुलीने तत्काळ वाकून नमस्कार करणाऱ्या सशाचे चित्र धाडले.

“बोला, दादा! विषय कोणता?”

“पाणीपाळी.”

“तयार आहे, दादा. खूप जातो हा विषय.”

“त्यात फान यांच्या ग्रंथाचे संदर्भ हवेत.”

“पूर्ण नाव टाका ना.”

मी टाकले.

“दादा, चौकोन आला.”

“तो चौकोन नाही. ते अक्षर आहे. डावीकडे रत्न—”

“आमच्या लेखकांना सापडायला हवं ना, दादा. शोधलं की चौकोनच येतात, हजारो. श्वे सर चालतील? ते सगळ्यांनाच चालतात.”

मी फोन उशीखाली ठेवला आणि उशीवर बसलो. श्वे यांच्याविषयी माझ्या मनात मत्सर आहे असे जे म्हणतात, त्यांनी हा प्रसंग नीट पाहावा. मत्सर एखाद्याजवळ जे असते त्याचा वाटतो. श्वे यांच्याजवळ काय आहे? टंकलेखनास सुलभ नाव. ‘शोधलं की सापडणे’ हा त्यांचा एकमेव शास्त्रीय सिद्धांत होय.

नमुन्याचे प्रकरण आले. ते वाचवेना. कालव्याच्या दाराला त्यात ‘गेट’ म्हटले होते आणि पाळी चोरणाऱ्या गावांची हकिकत श्वे यांच्या पुस्तकातून, त्यांच्या चुकांसह उचलली होती. सदोष वस्तू पुरावा म्हणून कशी सादर करावी? मी ते प्रकरण केंद्राच्या खात्यातच, जागच्या जागी दुरुस्त केले. दुरुस्तीनंतर त्याचे मूळ वाक्य एकही उरले नाही, ही भाषेची गरज होती. मग दुसरे प्रकरण पहिल्याशी विसंगत दिसू लागले, म्हणून तेही मागवले. मी रोज जेवणानंतर बसू लागलो. गॅझेटियरमधली अवतरणे घातली. जिथे जिथे योग्य, तिथे तिथे फान यांचा संदर्भ दिला. आणि तो सर्वत्रच योग्य होता.

“किती दिवसांनी लिहिताय,” पेई-लान पपई कापता कापता म्हणाली. “नवा ग्रंथ का?”

“पुरावा गोळा करतो आहे.”

“कुणाविरुद्ध?”

मी पपईची फोड उचलली आणि पुढचे प्रकरण उघडले. शेवटचे प्रकरण पुरे झाले तेव्हा छोटी वेन रडणाऱ्या सशासकट म्हणाली, “दादा, खरं सांगा, तुम्ही ग्राहक नाही ना?”

“का?”

“ग्राहक वाचत नाहीत, दादा.”

दुसऱ्या दिवशी मी केंद्राचे खाते उघडू गेलो तर ते अस्तित्वात नव्हते. संदेश गेले, ससे गेले, प्रबंधही गेला. फोटो तरी? तो मी घेतला होता. त्यात हरवलेला पोपट अत्यंत स्पष्ट आला होता. धावत खांबाशी गेलो. तिथे वॉर्डप्रमुख लू स्वतः शिडीवर चढून पत्र्याने चिठ्ठ्या खरवडत होते. स्वच्छता सप्ताह होता.

“या सर! बघा, खांब कसा आरशासारखा केलाय. आणि ते बंदुकीचं मनात ठेवू नका हं. मी पण नाही ठेवलं.”

माझ्या संशोधनाचा असा शेवट झाला असे मी मानले होते. पावसाळा सरला. आणि मग एका विद्यापीठाकडून मला एका प्रबंधाचा बाह्य परीक्षक म्हणून निमंत्रण आले. बाह्य परीक्षक म्हणून मला आजवर कुणी बोलावले नव्हते. श्वे यांना आठवड्याला दोनदा बोलावतात. निमंत्रण ‘फान □ सर’ यांना होते. विषय पाणीपाळी. उमेदवार: लूवहिनी. वॉर्डाचा कारभार प्रत्यक्षात ज्या चालवतात, त्याच. नवऱ्याच्या एक वर्ष मागे त्याही शनिवार-रविवारी शिकत होत्या. परीक्षक सुचवा असे मार्गदर्शकांनी म्हटल्यावर त्या म्हणाल्या होत्या, “प्रबंधात कुणी फान आहेत खरे. आमच्या आळीतही एक फान सर आहेत. रिकामेच असतात.”

प्रबंध उघडला. पहिले वाक्य माझे होते. दुसरेही. मी शेवटपर्यंत वाचले आणि मी कबूल केले पाहिजे, की गेल्या पन्नास वर्षांत या विषयावर असे गद्य झालेले नाही. माझ्या ग्रंथाचे संदर्भ पानोपानी होते. फान यून-चौकोन, तळटीप, फान यून-चौकोन, उपरोक्त, चौकोन, तत्रैव. संपूर्ण प्रबंध एखाद्या नव्याने फरशी बसवलेल्या न्हाणीघरासारखा दिसत होता.

आता माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला. कायद्याला कळवावे, तर माझा यथायोग्य गौरव करणारा जगातील एकमेव प्रबंध रद्द होणार. न कळवावे, तर कायद्याचे काय? मी ठरवले, की आधी तोंडी परीक्षेला जावे. निर्णयापूर्वी दुसरी बाजू ऐकून घेणे हा न्यायाचा मूलभूत संकेत आहे.

परीक्षेला तिघे होतो: मार्गदर्शक, जे सतत घड्याळ पाहत होते, मी, आणि श्वे. लूवहिनींनी टर्कीभाताचे डबे, अळकुड्यांच्या वड्या आणि प्रत्येकाच्या नावाचा थर्मास ठेवला होता. माझ्या थर्मासवर नुसते ‘फान’ होते.

श्वे यांनी वडी खाल्ली, बोटे पुसली आणि म्हणाले, “वहिनी, राग मानू नका. पण हा प्रबंध विकतचा आहे.”

खोलीत डब्याचे झाकण पडल्याचा आवाज झाला. डबा माझा होता.

“कशावरून?” मी विचारले.

“अरे फान, असं आजकाल कोण लिहितं? एका वाक्यात चार अर्धविराम! मेलेल्या माणसानं लिहिल्यासारखं वाटतं.”

“अर्धविराम हा गुन्हा केव्हापासून झाला?”

“आणि तुझी ही अवतरणं. तुझा ग्रंथ आपण दोघांखेरीज कुणी वाचलाय का रे?”

“तू वाचलायस?”

“चाळलाय.”

वास्तविक मला फक्त मान डोलवायची होती. ज्या गोष्टीसाठी मी फोन केले, खांब धुंडाळले, गस्तीची स्कूटर सोसली, तीच गोष्ट दुसरा माणूस माझ्या वतीने बोलत होता. पण तो माणूस श्वे होता. कायद्याची बाजू घेण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला? आणि माझ्या अर्धविरामांवरून?

“वॉर्डात काम करणाऱ्या बाईला गॅझेटियर वाचता येत नाही, असं तुला म्हणायचंय का?” मी विचारले.

“बरं, मग वहिनींनाच विचारू.” श्वे यांनी एका पानावर बोट ठेवले. “हे चौकोनातलं अक्षर कोणतं हो, वहिनी?”

लूवहिनींनी चौकोनाकडे पाहिले. मग माझ्याकडे. हजारो मतदारांची नावे विसरूनही त्यांना ओळखल्यासारखे हसण्याचा सराव त्या चेहऱ्याला होता.

“अहो सर, ते अक्षर समोरच बसलंय ना,” त्या म्हणाल्या. “थोरामोठ्यांचं नाव तोंडावर कसं लिहायचं? आदरापोटी मी जागा मोकळी सोडली.”

मी उभा राहिलो. पूज्य व्यक्तीचे नाव लिहू नये, त्या जागी अवकाश सोडावा, हा आमच्या लेखनपरंपरेतील हजार वर्षांचा संकेत आहे; सम्राटांची आणि वडिलांची नावे अशीच टाळली जात. मी तो संकेत राजवंशानुसार विशद केला. टाळलेल्या अक्षरांवरून हस्तलिखितांचा काळ कसा ठरवतात, तेही सांगितले. ज्या उमेदवाराने हा लुप्तप्राय शिष्टाचार एका मास्टर प्रबंधात पुनरुज्जीवित केला, तिच्या विद्वत्तेवर संशय घेणे हे कुणाच्या अज्ञानाचे लक्षण आहे, ते मी सौम्यपणे सुचवले. मार्गदर्शक झोपले होते. टर्कीभात गार झाला होता.

“बस रे बाबा,” श्वे म्हणाले. “दे तो शिक्का इकडे.”

सहीच्या जागी तिघांचे शिक्के उमटले. माझा शिक्का दगडाचा आहे, आजोबांनी कोरून घेतलेला. त्यावर रत्न, शेत आणि पाणी तिन्ही आहेत. शाई जरा जास्त झाली आणि ते अक्षर लाल डागासारखे उमटले.

पुढच्या सोमवारी मी बाजारात निघालो. खांबांवर नवे कापड होते. ‘सौ. लू यांना मास्टर पदवी विशेष गुणवत्तेसह!’ आणि खाली, छोट्या सोनेरी अक्षरांत: ‘प्रा. श्वे यांच्या मौलिक मार्गदर्शनाबद्दल ऋणी.’

लू शिडीवरच होते. “सर, खरं तर तुमचंच नाव टाकायचं होतं. बायको म्हणाली, फान सर नसते तर बुडलो असतो. पण छपाईवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये तुमचं अक्षरच नाही हो. कापडावर चौकोन आला तर लोकांना खिडकी वाटेल. मग म्हटलं, दुसरे सर टाकू. त्यांचं पटकन आलं.”

मी बाजारात गेलो नाही. वर येऊन राजधानीला फोन लावला. तोच सौजन्यशील आवाज होता.

“प्रबंध विकत घेतलेला आहे,” मी म्हणालो. “विशेष गुणवत्ता मिळवलेला.”

“जाहिरात आहे का, सर?”

“नाही.”

“मग लिहून देणारा कोण, ते माहितीय?”

पेई-लान दारात उभी होती. तिच्या हातात रक्तदाबाचे यंत्र होते आणि ती मान हलवून मला ‘नको’ म्हणत होती. शहाण्या माणसाने त्या क्षणी फोन ठेवला असता. परंतु आयुष्यात प्रथमच कुणीतरी मला अधिकृतपणे विचारत होते, की पाणीपाळीवरचे ते गद्य कुणाचे आहे.

“माझे,” मी म्हणालो. “पहिल्या शब्दापासून शेवटच्या अर्धविरामापर्यंत. श्वे यांचा त्यात काडीचाही संबंध नाही. हे कृपया स्वतंत्र ओळीत लिहा.”

“सर, तुम्हाला कळतंय ना, काय बोलताय? मोबदला काय मिळाला?”

“काही नाही.”

“फुकट? मग लिहिलं कशाला?”

“त्यात चुका होत्या.”

त्याने नाव विचारले. मी सांगू लागलो. रत्न, शेत, पाणी. या वेळी दुसरा फोन वाजला नाही. “थांबा सर, नागरिक नोंदणीच्या यंत्रणेत जन्मदाखल्यांची सगळी अक्षरं असतात... आलं! उजवीकडे शेत वर, पाणी खाली. सुंदर अक्षर आहे हो. अर्थ काय याचा?”

“एका माणसाचे नाव,” मी म्हणालो.

लूवहिनींची पदवी गेली. त्यांच्यामागून लूसाहेबांची चौकशी लागली, तिथे कंसातले गाव अखेर कुणाच्या तरी नजरेस पडले. कापड एका रात्रीत उतरले. आळीत माझ्याशी कुणी बोलेनासे झाले. श्वे यांनी मात्र फोन केला. “तरीच!” म्हणाले, “मला वाटलंच होतं, ते चार अर्धविराम तुझेच.” आणि इतके हसले, की मी फोन कानापासून दूर धरला.

दंडाचा आदेश जाड कागदावर आला. रक्कम वाचून पेई-लान खुर्चीत बसली आणि या वेळी यंत्र तिने स्वतःच्या दंडाला लावले. मी रक्कम वाचली नाही. मी वरची ओळ वाचत होतो. ‘सदर प्रबंधाचे प्रत्यक्ष लेखक: फान यून-यिंग’. रत्न जागेवर, शेत जागेवर, पाण्याची एक रेघही गळालेली नाही. वर सरकारी मोहोर. श्वे यांच्या सडपातळ पुस्तकावर मोहोर नाही.

कागद हातात घेऊन मी खाली उतरलो. आळीत माझ्याशी बोलणारी आ-मान मावशीच तेवढी उरली होती. पेरू कुणालातरी विकायला हवेतच. तिने कागद उलटसुलट पाहिला. तिला वाचता फारसे येत नाही, पण मोहोर कळते.

“सरकारकडून आलं? तुमच्या नावानं?” तिने खांबांकडे पाहिले; ते मोकळेच होते. “मग सांगू का छपाईवाल्याला, सर? एक लाल कापड?”

“सांगा,” मी म्हणालो. “पण त्याला म्हणावं, अक्षर सरकारकडून मागवून घे. चौकोन चालणार नाही.”